धुतलेला डबा

शर्टांच्या कारखान्याच्या फाटकावर ती झडतीचं काम करायची. संध्याकाळी भोंगा झाला की शिलाईच्या बायका रांगेत यायच्या, दोन्ही हात आडवे पसरायच्या आणि ही बगलेपासून घोट्यापर्यंत चाचपून एकेकीला बाहेर सोडायची. दोऱ्याचं रीळ कुठे दडतं, बटणांची पुडी कशा अंबाड्यात मावते, डब्याला खालून दुसरा तळ कसा बसवतात, सगळं तिला तोंडपाठ. बायका तिला एक्सरेबाई म्हणायच्या. पाठीमागे म्हणायच्या, पण तिच्या कानांपासून काही दडलं असतं तर ती एक्सरेबाई कसली!

धंदा माणसाच्या अंगात मुरतो. न्हाव्याला जो तो केस वाढलेला दिसतो, हिला जो तो खिसा फुगलेला दिसायचा. रविवारी प्रार्थनेला गेली तरी शेवटचाच बाक धरायची, कारण तिथून सगळ्यांचे हात दिसतात. पाळक पुढे जीव तोडून सांगत असायचे आणि ही, समोरच्या बाईची पिशवी येताना सपाट होती ती आता कशी फुगली, याचा विचार करत बसायची. नवरा मात्र पहिल्या बाकावर. घरी जाताना तो विचारायचा, "आज किती छान सांगितलं, नाही?" ही म्हणायची, "हो तर, फारच छान." काय सांगितलं ते देवाला आणि पाळकांनाच ठाऊक.

नवरा सुतार होता, खुर्च्या-टेबलांच्या कारखान्यात. तसा गरीब गाय, पण त्याला एक वाईट खोड होती. ऐकलेलं करून बघायचा. मागणाऱ्याला नाही म्हणू नये असं ऐकून आला आणि शेजाऱ्याला आपला चांगला रंधा देऊन बसला. तो रंधा अजून शेजाऱ्याच्याच घरी आहे. दुसरा गाल पुढे करण्याचं ऐकलं, त्या आठवड्यात मुकादमाच्या शिव्या त्याने दोन्ही कानांनी खाल्ल्या. बायको कपाळाला हात लावायची. पण हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर चाललं होतं, म्हणून सोसत होती.

मग एका बुधवारी तो डोक्याला तेल लावून कामाला निघाला.

ज्याच्या केसांत बारा महिने भुसा, त्याने तेल लावलं, भांग पाडला आणि आरशात चेहरा दोनदा पाहिला. हिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. शुक्रवारी पुन्हा तेच. सोमवारी डोकं कोरडं, बुधवारी पुन्हा तेल. डोळ्यात तेल घालून फाटक राखणाऱ्या बाईला नवऱ्याच्या डोक्यातलं तेल दिसणार नाही, असं त्या भोळ्या माणसाला वाटलं तरी कसं?

तेल एक वेळ सोडून देऊ. खरा घात केला तो डब्याने. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने डबा कधी विसळूनसुद्धा आणला नव्हता; भाताची शितं वाळून अशी चिकटायची की नखाने खरवडावी लागायची. आता बुधवारी आणि शुक्रवारी डबा लख्ख होऊन यायला लागला. तिने झाकण उघडून पाहिलं, उलटं करून पाहिलं. झाकणातली रबरी कडी काढून तिच्या खालची खाचसुद्धा घासलेली होती. पुरुषमाणूस फार तर डब्यातून पाणी फिरवेल. कडी काढून खाच घासतो तो बाईचा हात.

"डबा कुणी धुतला?" तिने विचारलं.

"धुतला. झालं," तो म्हणाला आणि चपला उगाचच नीट लावायला लागला.

"कुणी, असं विचारतेय मी."

"स्वच्छ आहे ना? मग?"

‘मी धुतला’ एवढं तो म्हणत नव्हता. फाटकावर तिने हे शंभर वेळा पाहिलं होतं. निर्ढावलेली बाई सरळ नाही म्हणते. जिला खोटं जमत नाही ती गप्प बसते आणि चपलांकडे बघते. तिने त्याचे खिसे पाहिले, शर्ट हुंगला, उशीखाली हात घातला. हाताला लागला तो फक्त भुसा. पण काही सापडत नाही म्हणजे चांगलं दडवलंय, हा तिच्या धंद्याचा नियम. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि या वेळी ते तिच्याच घराच्या भिंतीत मुरत होतं. तिला मनातून भीती वाटत होती. हा माणूस गेला तर आपल्याला दुसरं कुणी नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

पुढच्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीआधीच तिने फाटक जोडीदारणीच्या हवाली केलं आणि सुतारांच्या कारखान्यामागे रचलेल्या फळ्यांच्या आड जाऊन उभी राहिली. सुट्टी झाली. बाकीचे सुतार जेवायला बसले. नवरा नळावर गेला, तोंड धुतलं, ओंजळीने पाणी प्यायला, केसांवरून कंगवा फिरवला आणि डबा उचलून मागच्या गल्लीत शिरला. पत्र्याच्या एका खोलीची कडी त्याने वाजवली. दार किलकिलं झालं. आतून बाईचा हात बाहेर आला, डबा घेतला आणि दार लागलं. नवरा आल्या वाटेने परत गेला.

आत गेला नाही, हे तिने पाहिलं. पण एकदा संशयाने डोकं फिरलं की डोळ्यांना कोण विचारतो? "दिवसाढवळ्या आत कशाला जाईल? मुरलेला आहे," असं पुटपुटत ती गल्लीत उभ्या उभ्या शिव्यांची जुळवाजुळव करत राहिली. कुठली आधी द्यायची, कुठली राखून ठेवायची, सगळं ठरलं. मग पदर खोचला, पुढे झाली आणि दारावर धाडकन थाप मारली.

दार उघडलं. समोरच्या बाईच्या हाताला कोपरापर्यंत साबणाचा फेस होता. तिने एक्सरेबाईकडे पाहिलं, आणि काही बोलायच्या आत तिचे दोन्ही हात आपोआप आडवे पसरले. झडतीला.

ती बटणवाली होती.

वर्षापूर्वी हिनेच तिला पकडलं होतं, अंबाड्यात बटणांची पुडी घालून निघाली होती तेव्हा. चोरी खरी होती, त्यात खोटं काही नव्हतं. नोकरी जायची ती गेली. पण हिचं तेवढ्याने भागलं नव्हतं. आजूबाजूच्या कारखान्यांच्या फाटकांवर जाऊन तिने सांगून ठेवलं होतं, "हिला घेऊ नका, हात चालू आहे हिचा." त्या रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं होतं, "मग आता ती खाणार काय?" ही म्हणाली होती, "मला काय माहीत? वाढा भात."

आता फेस बटणवालीच्या कोपरांवरून जमिनीवर ठिबकत होता आणि हात तसेच पसरलेले होते. आत खाटेवर एक म्हातारी भिंतीला टेकून हळूहळू भात चावत होती. मोरीत नवऱ्याचा डबा होता, कडी काढून बाजूला ठेवलेली.

"हात खाली कर गं बाई," एक्सरेबाई म्हणाली.

बटणवालीने हात खाली केले, पण दारातून बाजूला सरली नाही. "काही घेतलेलं नाही मी. ते स्वतः आणून देतात. सासू आजारी, मला कुठे काम मिळत नाही. मी नकोच म्हटलं होतं, ताई. म्हटलं, तुम्ही काय खाणार? तर म्हणाले, बुधवार-शुक्रवार माझा उपास असतो."

"उपास? तेल लावून, भांग पाडून?"

"मीही तेच म्हटलं. तर हसले. म्हणाले, पाळकांनी सांगितलंय, उपास करायचा तर तोंड पाडून हिंडायचं नाही. डोक्याला तेल लावायचं, तोंड धुवायचं, घरच्यांनासुद्धा कळता कामा नये. ताई, त्यांना बोलू नका. माझ्यामुळे तुमच्या घरात भांडण नको."

राखून ठेवलेल्या शिव्यांतली एकही एक्सरेबाईला आठवेना. शेवटच्या बाकावर बसून आपण जे ऐकलं नाही ते या खोलीत येऊन चोरणीच्या तोंडून ऐकावं लागलं, याची तिला लाज वाटली. त्याहून जास्त लाज त्या पसरलेल्या हातांची. ती आत गेली, मोरीशी बसली आणि डबा घासायला घेतला. बटणवाली तिच्या हातांकडे टक लावून बघत राहिली. तिचाही विश्वास बसत नव्हता, आणि का बसावा?

घरी येऊन ती नवऱ्याला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ज्या फाटकांवर वर्षापूर्वी गेली होती, त्या सगळ्या फाटकांवर पुन्हा गेली. फाटकावरच्या बायकांनी डोळे बारीक केले. "तूच म्हणाली होतीस ना, घेऊ नका म्हणून? आता काय, वाटा ठरलाय का?" तिने ते गिळलं. "माझ्या शब्दावर घ्या," म्हणाली. शेवटच्या फाटकावर एकीने, विचारून सांगते, असं म्हटलं.

बुधवारी सकाळी नवऱ्याने तेल लावलं आणि डबा उचलला. उचलून जागीच थांबला.

"काय गं, आज डबा जड लागतोय?"

"तिथे दोघी आहेत," असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली, "झडती घेताय का माझी? निघा आता, उशीर होतोय."

तो जिन्यावरून दोनदा वळून बघत गेला. त्याची पाठ वळताच तिने तेलाची बाटली काढली, केसांना चापून तेल लावलं, तोंड धुतलं आणि डब्याशिवाय कामावर निघाली.

संध्याकाळी भोंगा झाला. बायका रांगेत आल्या. पहिलीने हात पसरता पसरता तिच्या केसांकडे पाहिलं, दुसरीने तिसरीला कोपर मारलं. "नटून आलीय आज," कुणीतरी मागे कुजबुजलं. "दुपारी जेवलीसुद्धा नाही म्हणे. या वयात? हिचं बाहेर काहीतरी आहे."

एक्सरेबाईच्या कानांपासून ते दडणं शक्यच नव्हतं. तिला संताप आला, डोळ्यांत पाणी आलं. खरं काय ते सगळ्यांसमोर सांगून टाकावं असंही वाटलं. पण सांगितलं असतं तर दिवसभराचा उपास फुकट गेला असता. ती खाली मान घालून चाचपत राहिली, आणि पोट गुरगुरलं तेव्हा मोठ्याने खोकली.