मायचं इरजण

हे लिहू का नको, यातच दोन महिने गेले. तुमच्या सदरातले लोकांचे अनुभव मी वाचते आणि नातीला म्हणते, ह्यांना तेव्हा ताप आला असेल. भूत, लागीर, अंगात येणं... माझा कशावरच विश्वास नव्हता, आजही नाही. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं पुडीचे कागद वाचून शिकले. पण डोकं जाग्यावर आहे. तरी एक गोष्ट झाली खरी. आणि ती माझ्या एकटीची नाही, माझ्या भावाचीही आहे – तो तर शास्त्रज्ञ माणूस.

गाव नरसी, हिंगोलीजवळचं. तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यात होतो. बहात्तरचा दुष्काळ सरून चार-पाच वर्षं झाली असतील. माझी माय देवाला येणाऱ्यांसाठी खडीसाखर करायची. कल्हईच्या पातेल्यात आडवे दोरे ताणायचे, त्यांना जुन्या साखरेचे बारके खडे चिकटवायचे, वरून गरम पाक ओतायचा, आणि पातेलं गोधडीत गुंडाळून आतल्या खोलीत ठेवून द्यायचं. त्या बारक्या खड्यांना ती ‘इरजण’ म्हणायची – दह्याला लावतात तसं. दोऱ्यावर साखर धरायला लागली की म्हणायची, ‘लागलं’. त्या खोलीत पाय आपटायची सोय नव्हती. पातेलं हललं की दाणा बारीक पडतो.

धाकटा भाऊ वसंता दक्षिणेत एका मोठ्या शहरात, लॅबमध्ये संशोधन करायचा. सुट्टीत आला की मायला समजावून सांगायचा. आपल्या अंगातल्या कणाकणात सगळ्या कामांच्या चिठ्ठ्या लिहून ठेवलेल्या असतात म्हणे. कोणती उघडायची, कोणती झाकून ठेवायची, हे काही प्रोटीन त्यांच्यावर बसून ठरवतात. वसंताकडे अशा दोन प्रोटीनांची जोडी होती. मायला लगेच कळलं. म्हणाली, म्हंजी माझी सासू आन् मोठी जाऊ. दोघी कणगीवर बसून राहायच्या, पसाभर ज्वारी घ्यायची तरी त्यांना विचारा. वसंता म्हणाला, बराबर तसंच. त्या दोघी एकमेकींना धरून कशा बसल्यात, तेवढंच बघायचंय. पण बघायचं तर आधी त्यांचे क्रिस्टल, म्हणजे खडे, करावे लागतात. मग त्यातून एक्स-रे सोडून फोटो काढायचा. आणि तीन वर्षं झाली, खडाच धरत नव्हता.

“इरजण लावलं का?” मायनं विचारलं.

“माय, इरजण लावायला आधी दही पाहिजे ना. माझ्याकडं पहिला खडाच न्हाई.”

“मंग पहिला खडा येतो कुठून?”

वसंता म्हणाला, तेच तर कळंना. माय म्हणाली, “जा तू. मी देते कुठूनतरी.” जसं काही शेजारणीकडून वाटीभर मागून आणायचं होतं.

त्या साली तिनं माझ्याकडून पत्र लिहवून घेतलं, संक्रांतीला ये म्हणून. वसंता आला नाही. खड्यांसाठी नळ्या लावल्यात, सोडून येता येत न्हाई, असं उत्तर आलं. मायनं ते दोनदा वाचून घेतलं आणि घडी करून ठेवून दिलं. माघात एका सकाळी तिनं पाक ओतला, गोधडी गुंडाळली, दार ओढून ओट्यावर येऊन बसली – आणि बसल्या बसल्याच गेली.

वसंता तिसऱ्या दिवशी पोचला. लॅबच्या थंडगार खोलीत काम करताना तार हातात पडली, तो अंगातल्या स्वेटरसकट निघाला होता. रेल्वेत दोन दिवस काढून, पूर्णेला गाडी बदलून, हिंगोलीहून एसटीनं. स्वेटरच्या खिशात त्यातलीच एक बोटाएवढी काचेची नळी तशीच राहून गेलेली, बूच लावलेली. आत नितळ पाणी, खडा एकही नाही. म्हणाला, “नासली असंल अक्का, फेकून दे.” तो रडला नाही. नुसता ओट्यावर बसून राहायचा. चौथ्या दिवशी मला म्हणाला, “खड्यांपायी मायला दिसलो न्हाई. ती रागातच गेली. आता मी तिकडं जाणार न्हाई.” तीन वर्षांचं काम तो तसंच सोडून देणार होता, आणि त्याला समजवायला घरात मीच एक.

नळी काही माझ्यानं फेकवली नाही. सुतकात मायच्या पातेल्याला कुणी हात लावला नव्हता. त्या गोधडीच्या घडीतच ठेवून दिली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी ती खोली झाडायला गेले. तोंडाला पदर बांधलेला. उंबरा ओलांडला आणि अगदी कानाशी मायचा आवाज आला – “हळू.”

मी जागीच उभी. तेवढ्यात वसंता ओट्यावरून धावत आला. “काय लागलं, अक्का?”

मी म्हणाले, मी कुठं काय बोलले?

“तू ‘लागलं’ म्हणलीस ना आत्ता?”

‘लागलं’ हा तर मायचा शब्द. मी घडीतून नळी काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती खिडकीतल्या उन्हात धरली. तळाशी तिळाच्या निम्म्याएवढे चार-पाच खडे होते, कडा कापल्यासारख्या. बूच जसंच्या तसं. तो लहान लेकरासारखा रडला, पहिल्यांदा.

मग डोळे पुसून म्हणाला, मीठ असंल, ह्या पाण्यात मीठ असतंच. मीठच की दुसरं काही, हे तिकडं गेल्याशिवाय कळणार नव्हतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी नळी मायच्या चोळीत गुंडाळून तो गेला. महिन्याभरानं पत्र आलं. मीठ नव्हतं. त्याच खड्यांचं इरजण लावून पुढचे सगळे खडे धरले, फोटोही निघाले. त्या दोघी कशा बसल्यात, ते दिसलं.

लॅबमधल्या लोकांनी कारणं दिली. रेल्वेतली ऊब, मग गोधडीत सावकाश उतरलेला गारवा, न हललेली जागा. मला तर पटतात. वसंतालाच पटत नाहीत, कारण इरजणाशिवाय, तस्संच सगळं करून, त्यानं पुढं किती वर्षं पाहिलं... एकदा तर माझ्याकडून गोधडी मागवून घेतली. एक खडा धरला नाही. आवाजाचं तो म्हणतो, तूच बोलली असशील, तुझा आवाज मायसारखाच आहे. मी म्हणते, तोंडावर पदर होता, आणि मला तर दुसरंच ऐकू आलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं आमचं हे भांडण चालू आहे.

मला आपलं एवढंच वाटतं, की मायनं त्याला तेवढी चांगली बातमी सांगितली आणि मला मात्र दटावलं. जन्मभर धाडधाड चालते म्हणून बोलणी खाल्ली, त्या दिवशीही तेच. हे मी वसंताला बोलून दाखवलं, तर तो हळूच म्हणाला, “तुला रागावली अक्का. मला न्हाई रागावली.”