घशाला टेकवलेलं टोक

गंटर्सव्हिलच्या तळ्याकाठच्या त्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गळाचा महागडा रॉड घ्यायला आलेला माणूस आधी मांडणीकडे बघत नसे. हॉइट प्रुएट आज आहे का, एवढंच विचारी. हॉइट साठी ओलांडलेला, किडकिडीत, मोजकं बोलणारा माणूस. तरुणपण कोंबड्या कापायच्या कारखान्यात गेलं. तिथून तो या काउंटरमागे आला, आणि इथं त्याचं नाव झालं ते हातांमुळे.

रॉड पारखायची त्याची रीत ठरलेली होती. तो मूठ हलकीच धरायचा आणि डोळे मिटायचा. गिऱ्हाइकानं रॉडचं टोक स्वतःच्या घशाला टेकवायचं आणि मनात येईल ते बोलायचं. चांगल्या रॉडमधून आवाजाची थरथर मुठीपर्यंत पोचते; सुमार रॉड ती वाटेतच गिळतो. तळाशी टाकलेलं जिग, म्हणजे शिशाचं वजन लावलेलं आमिष, बास मासा उचलतो तेव्हा हिसका देत नाही. नुसतं तोंडात घेतो, आणि पटलं नाही तर थुंकून टाकतो. तेवढ्या अवधीत जे कळायचं ते बोटांना कळतं. म्हणून बास धरणारे रॉडवर जीव टाकतात आणि खिसाही रिकामा करतात.

बर्मिंगहॅमकडून बढाया मारत येणाऱ्यांसाठी हॉइटनं एक गंमत शोधून काढली होती. अशा माणसाच्या हातात तो मूठ द्यायचा, डोळे मिटायला लावायचा, आणि टोक घशाला न टेकवता वीतभर लांब धरून बोलायचा. पाहुणा मान डोलवायचा. "वा! काय स्पष्ट लागतंय!"

"आता डोळे उघडा साहेब," हॉइट म्हणायचा. खिडकीपाशी कॉफी पीत बसलेली मंडळी खिदळायची.

"कानानं ऐकलेलं माणसाला हातानं ऐकल्यासारखं वाटतं," तो नंतर सांगायचा. "ऐकायची हौस दांडगी असली की जास्तच."

गेल्या हिवाळ्यात त्याच्या आतड्याचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, रोग गेला. जाताना बोटांच्या शेंड्यांतली जाणीव घेऊन गेला. परत येईलही, नाहीही, असं डॉक्टर म्हणाले. सकाळी शर्टाची बटणं बायको, नेल्डा, लावून देई. हे तिच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. दुकानात हॉइट आता डोळे पुरते मिटत नसे. पापण्यांच्या फटीतून गिऱ्हाइकाचा चेहरा वाचायचा आणि त्याला जो रॉड मनातून हवा असेल तोच छान म्हणायचा. लोक पूर्वीपेक्षा खूश होऊन जात.

पाण्यावर मात्र ही मखलाशी चालेना. शनिवारच्या जोडीच्या स्पर्धांना तो आणि लॅव्हॉन टिडमोर वर्षानुवर्षं एका बोटीत असत. जिग टाकण्यात हॉइटचा हात धरणारा त्या काठावर कोणी नव्हता. या वसंतात मासा येई, जिग चघळी, सोडून जाई, आणि हॉइट दगडासारखा बसून राही.

"अरे, दोरी सरकली! ती बघ, सरकली!" लॅव्हॉन ओरडायचा. "झोपलास का लेका?"

"रॉड मेलाय," हॉइट एकदा म्हणाला. सुचलं ते बोलून गेला.

लॅव्हॉननं ते उचलून धरलं. "मग तेच तर म्हणतोय! लोकांना सोन्याच्या काठ्या विकतोस आणि स्वतः झाडू घेऊन येतोस. चिंगूस कुठला. नवीन घे. मी येतो निवडायला."

थाप मारली ती लॅव्हॉनला, पण धरून बसला तिला हॉइटच. दुकानात वरच्या खुंटीवर एक जपानी कार्बनचा रॉड आला होता, पिसासारखा हलका. तो चोखंदळ माणसालाही चैन वाटावा असा होता. निम्मा हात गेला असेल तर दुप्पट तीक्ष्ण रॉड ती उणीव भरून काढेल, असं त्याच्या मनानं घेतलं.

"तुझ्या बोटांना झालंय ते काठीला झालंय का रे?" नेल्डानं रात्रीची भांडी विसळत विचारलं.

"बघायला काय जातंय?"

"तुझी झोप जातेय, ती दिसतेय मला."

लॅव्हॉन गुरुवारी दुपारी आला. हॉइटनं तीन रॉड काढले, प्रत्येकावर एकसारखं रीळ चढवलं, आणि या वेळी डोळे खरोखर घट्ट मिटले. त्याला स्वतःला फसवायचं नव्हतं.

पहिल्याचं टोक घशाला टेकवून लॅव्हॉन म्हणाला, "हॉइट प्रुएट हा मार्शल काउंटीतला सगळ्यात कुरूप माणूस आहे."

मुठीत काही आलं नाही. दुसऱ्या वेळीही नाही. हॉइटच्या कानामागून घाम उतरला. त्यानं जपानी रॉड धरला, अगदी चिमटीत.

"आणि त्याची बायको फार चांगली आहे, बिचारी," लॅव्हॉन सावकाश म्हणाला.

या खेपेला थरथर आली. बारीक, मुंग्यांसारखी, थेट अंगठ्याखाली. "हाच!" हॉइट म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "हाच रे, लॅव्हॉन! बोलतोय हा!"

त्यानं डोळे उघडले. टोक लॅव्हॉनच्या घशापासून वीतभर दूर, हवेत होतं.

खिडकीपाशी हशा पिकला. "गुरुजींनाच फासात धरलं!" कोणीतरी टाळी वाजवली. लॅव्हॉनही आधी हसत होता. गंमत म्हणूनच केलं होतं त्यानं. हॉइट शिवी हासडेल आणि कॉफी पाजायला लावेल, एवढीच त्याची अपेक्षा होती. हॉइटचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू विरलं. त्यानं टोक खाली केलं आणि जवळ सरकला.

"कधीपासून?"

"केमोपासून."

"आणि मी काठीला शिव्या देतोय."

"मीच देऊ दिल्या."

लॅव्हॉन थोडा वेळ रिळाचा दांडा उगाच फिरवत राहिला. मग म्हणाला, "शनिवारी जिग मी टाकतो. तू क्रँकबेट ओढ." क्रँकबेट म्हणजे पळतं आमिष. मासा त्यावर झडप घालतो, अख्खी काठी वाकते.

"ते ओंडक्यालाही कळतं."

"म्हणूनच सांगतोय."

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली आणि टोनीशा आत आली. ती जवळच्या बोआझ गावातल्या शाळेत शिकवायची आणि महिलांच्या स्पर्धेत उतरायची. "मिस्टर हॉइट, जिगसाठी रॉड हवाय. माझ्या भावाला दिलात तसा तुम्हीच निवडा. माझा नाही माझ्यावर भरवसा."

हॉइटनं सवयीनं मुठीला हात घातला. पापण्या अर्ध्यावर आणल्या की काम होणार होतं. लॅव्हॉन बघत होता. तो काही बोलला नसता, हे हॉइटला माहीत होतं.

त्यानं मूठ तिच्यापुढे केली. "तूच धर."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मलाही कळत नाही आता. बोटं गेलीत माझी." हे तो खिडकीपर्यंत ऐकू जाईल असं बोलला. तिकडे कोणीतरी कप खाली ठेवला. हॉइटनं टोक स्वतःच्या घशाला टेकवलं. "डोळे मिट. चोरून बघू नकोस, मला ते सगळे प्रकार ठाऊक आहेत."

तिनं बराच वेळ घेतला आणि मधल्या किमतीचा एक घेतला. तो बरोबर होता की नाही, हे हॉइटला सांगता आलं नसतं. भावाला दिलेला कधीचा, केमोच्या आधीचा की नंतरचा, हेही त्यानं आठवून पाहिलं. नंतरचा होता.

ती गेल्यावर त्यानं जपानी रॉड फडक्यानं पुसून वरच्या खुंटीला लावला.

"तुझा तो फायबरग्लासचा क्रँकबेटचा रॉड आहे अजून?" त्यानं लॅव्हॉनला विचारलं.

"आहे की. तू झाडू म्हणायचास तो."

"घेऊन ये शनिवारी."

रॉडवरची किमतीची चिठ्ठी सुटून काउंटरच्या काचेवर पडली होती. हॉइट ती नखानं उचलू लागला. चिठ्ठी काचेवरून नुसती सरकत राहिली. लॅव्हॉनचा हात पुढे आला, थबकला, आणि परत खिशात गेला.