पेरूला जायला कारण लागत नाही

पहिल्यांदा मला "का?" असं विचारलं ते माझ्या डॉक्टरीणबाईंनी. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या त्यांच्या क्लिनिकमध्ये मी दोनच गोष्टी विचारायला गेले होते. पिवळ्या तापाची लस कुठे मिळेल, आणि माझी रक्तदाबाची गोळी तिकडे चालेल का. तिकडे म्हणजे कुठे, असं त्यांनी विचारल्यावर मी सरळ सांगितलं की पेरूच्या जंगलात एका वेलीचा काढा करतात, त्याला आयावास्का म्हणतात, तो प्यायला मी चालले आहे. बाईंनी पेन खाली ठेवलं. झोप लागते का, भूक लागते का, उगीच रडू येतं का, असे प्रश्न सुरू झाले. घरी कुणी हात उगारतं का, हेही त्यांनी हलक्या आवाजात विचारून घेतलं. मी सगळ्याला नाही म्हटलं.

"मग का?" त्या म्हणाल्या.

"बघायचंय म्हणून."

हे उत्तर त्यांच्या कुठल्याच चौकटीत बसलं नाही. पण बाई प्रामाणिक होत्या. त्यांनी त्या काढ्याबद्दल वाचून काढलं, माझा ईसीजी केला, गोळीबद्दल दोन ठिकाणी चौकशी केली आणि आठवड्याने फोन करून सांगितलं की तब्येतीच्या दृष्टीने थेट अडचण दिसत नाही, तरी माझा सल्ला जाऊ नका असाच आहे. मी त्यांचे आभार मानले आणि तिकीट बुक केलं.

हे सगळं २००६ सालचं. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते. अमेरिकेत येऊन वीसेक वर्षं झाली होती आणि एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम मी करत होते. त्याआधी मात्र मी वनस्पतिशास्त्राची होते. नागपूरला एम.एस्सी. केलं, लग्न होईपर्यंत कॉलेजात शिकवलं. अल्कलॉइड्सच्या पाठात या वेलीबद्दल चार ओळी असायच्या. अत्ताराच्या दुकानात धुरीसाठी हरमलच्या बिया मिळतात, त्यांच्यात जे द्रव्य असतं तेच या वेलीच्या सालीत सापडतं, एवढंच त्या ओळींत होतं. मी त्या चार ओळी दरवर्षी फळ्यावर लिहिल्या आणि दरवर्षी मला वाटायचं की ही वेल एकदा हाताने चाचपून बघावी.

शनिवारी मी एका मोठ्या बागेच्या काचघरात फुकट काम करायला जायचे. कुंड्या बदलणं, पाट्या पुसणं, असलं काम. तिथे माझ्याबरोबर एक बाई असायची, शाळेत जीवशास्त्र शिकवून रिटायर झालेली, गोरी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. ती दोनदा पेरूला जाऊन आली होती. मी तिला त्या चार ओळींबद्दल सांगितलं, तर ती म्हणाली की सप्टेंबरमध्ये मी पुन्हा जाणार आहे, चल. तिने मला कारण विचारलं नाही. तिच्याशी माझं जमलं ते त्यामुळेच.

घरी मी हे जेवताना सांगितलं. नवऱ्याने ताकाचा ग्लास संपवला. मग म्हणाला, "तू चेष्टा करतेयस ना?" नाही म्हटल्यावर तो उठून टीव्हीसमोर जाऊन बसला आणि पुढचे काही दिवस या विषयावर बोललाच नाही.

आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळात बातमी कशी पसरली कोण जाणे. बहुधा मीच कुणाला तरी सांगितलं असेल, कारण लपवायचं असं त्यात काही आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. सुरुवातीला विनोद झाले. पेरू खायला एवढ्या लांब कशाला जायचं, पटेलांच्या दुकानात मिळतात की, असं तीन वेगवेगळ्या लोकांनी मला ऐकवलं, आणि तिघांनाही तो विनोद आपल्यालाच सुचला असं वाटत होतं. मग कुणीतरी इंटरनेटवर शोधलं, हा काढा प्यायला की लोक ओकतात आणि त्यांना भास होतात असं वाचलं, आणि विनोद थांबले. त्यानंतर बायका मला बाजूला घ्यायला लागल्या. सगळं ठीक आहे ना? मुलीचं काही? ह्यांचं काही? मेनोपॉजचा त्रास होतोय का? एका काकूंनी तर माझा हात हातात घेऊन सांगितलं की आमच्याकडे दर गुरुवारी ध्यान असतं, तू तिथे ये, कशाला तिकडे जंगलात ओकायला जातेस. त्यांच्या मनात माया होती, हे मला कळत होतं. पण मला काही झालेलं नव्हतं. काहीतरी झालं असतं तर सगळ्यांचीच सोय झाली असती.

त्याआधी चार वर्षं माझ्या नवऱ्याने विमानातून उडी मारली होती. पॅराशूट बांधून, रीतसर पैसे भरून. त्याचा व्हिडिओ दिवाळीच्या पार्टीत मोठ्या पडद्यावर दाखवला होता, आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. घरी सगळं ठीक आहे ना, असं त्याला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

निघायच्या दोन आठवडे आधी काढ्यासाठीचं पथ्य सुरू करायचं होतं. मीठ, साखर, तिखट, तेल बंद. चहा-कॉफी बंद. आंबवलेलं काही चालणार नाही, म्हणजे इडली, डोसा, दही, लोणचं सगळं गेलं. नवराबायकोने वेगळं झोपावं असंही होतं. ते मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो इतकंच म्हणाला की कमाल आहे, आणि उशी घेऊन मुलीच्या रिकाम्या खोलीत गेला. मेक्सिकन दुकानातून मी हिरवी केळी आणली. ती उकडायची, भोपळा उकडायचा, भात शिजवायचा आणि तसंच गिळायचं. पहिले तीन दिवस मला सगळ्या जगाचा राग आला. चहा नसल्यामुळे डोकं ठणकत होतं. नवऱ्याने स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायला सुरुवात केली. वरणाला तो लसणाची फोडणी अशी चरचरीत द्यायचा की मला शंका यायची, हा मुद्दाम करतोय. मी समोर बसून उकडलेलं केळं चावत राहायचे आणि त्याच्याकडे बघून हसायचे. हार मानायची नाही असं ठरवलं की बेचव केळंसुद्धा घशाखाली उतरतं.

त्याच पथ्यात मंडळाचा गणपती आला. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. आरती झाली, प्रसादाचं ताट फिरलं. मी मोदक घेतला, कपाळाला लावला आणि नवऱ्याच्या ताटात ठेवला. शेजारच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं की आता देवाचं पण चालत नाही वाटतं हिला.

जेवणं झाल्यावर अध्यक्षांनी मला हॉलमागच्या किचनमध्ये बोलावलं. कमिटीतल्या दोन बायकाही तिथे उभ्या होत्या. अध्यक्ष माझ्याहून लहान, मला ताई म्हणायचे, आणि खरोखर अवघडले होते. मी सात-आठ वर्षं रविवारचा मराठीचा वर्ग घेत होते. इथे जन्मलेली मुलं यायची, बाराखडी शिकायची, वर्षाच्या शेवटी एखादं नाटुकलं करायची. काही पालकांना काळजी वाटते आहे, असं ते म्हणाले. ड्रग्ज घेणाऱ्या व्यक्तीकडे मुलं पाठवायची म्हणजे, ताई, तुम्हीच विचार करा. मग त्यांनी तोडगाही सांगितला. मी टूरवर चालले आहे असं म्हणायचं. पेरूमध्ये जुने अवशेष आहेत, लोक ते बघायला जातातच. ईमेलमध्ये तसं एक वाक्य टाकू, विषय संपेल.

तोडगा सोपा होता आणि त्यांनी तो चांगल्या मनाने काढला होता. मी हो म्हटलं असतं तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. मोदकांचा रिकामा ट्रे मी सिंकमध्ये ठेवला. माझ्या लक्षात आलं की मला जाण्याची परवानगी आहे, फक्त जाते आहे हे म्हणायची नाही.

"माझ्या वर्गात मुलं ळ म्हणायला शिकतात," मी म्हटलं. "त्याचा आणि माझ्या काढ्याचा काय संबंध?"

"संबंध नाही, ताई. पण लोक..."

"मग लोकांना सांगा की बाई खरं बोलल्या म्हणून वर्ग काढून घेतला. ईमेलमध्ये हे वाक्य टाका."

ते वाक्य अर्थातच कुणी टाकलं नाही. वैयक्तिक कारणांमुळे वर्ग दुसऱ्या शिक्षिकेकडे देत आहोत, असं ईमेल आलं. ती मुलं मला आवडायची. शब्दाच्या शेवटी ळ आला की जीभ उलटी वळवून, डोळे मिटून प्रयत्न करायची. तो वर्ग गेला याचं दुःख मला आजही आहे, पण नाही म्हटल्याचा पस्तावा मला तेव्हाही झाला नव्हता.

मुलीचा फोन आला तो त्याच आठवड्यात. ती दुसऱ्या राज्यात कॉलेजला होती, डॉक्टर व्हायचं म्हणत होती. बाबाने तिला सगळं सांगितलं होतं. मला वाटलं होतं की इथेच वाढलेली पोर, ही तरी माझ्या बाजूने असेल. तिने पहिलाच प्रश्न केला, "मॉम, आर यू ओके?" मग मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनाबद्दल इंग्रजीत बरंच बोलली, आणि शेवटी रडत म्हणाली की माझ्या मैत्रिणींच्या आया असं काही करत नाहीत. मी तिला ईसीजीबद्दल सांगितलं, डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला, त्यांना फोन कर म्हटलं. तिने केलाही. एवढं झाल्यावर तिची एकच अट होती: जंगलातून बाहेर आल्या आल्या फोन करायचा. ती अट मी मान्य केली, कारण तिने मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी घरी हॉलमध्ये गमबूट बॅगेत बसवायचा प्रयत्न करत होते. नवरा येऊन सोफ्यावर बसला. बऱ्याच दिवसांनी तो स्वतःहून बोलला.

"एकच सांग. माझा कंटाळा आलाय का तुला?"

मला त्याची कीव आली आणि रागही आला. मी म्हटलं, "तू विमानातून उडी मारलीस तेव्हा मी विचारलं होतं का, माझा कंटाळा आलाय का म्हणून?"

"नाही विचारलंस," तो म्हणाला. "विचारायला हवं होतंस."

आणि मग त्याने सांगितलं. त्या वर्षी त्याच्या ऑफिसमधली निम्मी माणसं काढली होती. रोज सकाळी गाडी पार्क करून तो दहा मिनिटं आतच बसून राहायचा, बाहेर पडायची भीती वाटायची म्हणून. माझ्याशी त्यातलं एक अक्षर बोलला नव्हता. कशाची भीती वाटते हेच कळेना, म्हणून जिची खरोखर भीती वाटावी अशी एक गोष्ट करून बघायची, असं त्याने ठरवलं होतं. टाळ्या वाजत होत्या तेव्हा तो पडद्याकडे बघतही नव्हता.

"मग सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"तू हसत होतीस. छान वाटत होतं तुला."

मी गमबूट खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. पथ्यात वेगळं झोपायचं होतं, शेजारी बसायला बंदी नव्हती. मी त्याला म्हटलं की तुला भीती होती, मला नाहीये. मी तुझ्यापासून पळत नाहीये, आणि कुणापासूनच नाही. मला एक वेल बघायची आहे आणि ती आतून काय करते ते बघायचं आहे, आणि हे म्हणायला मला आजारी असावं लागत नाही. पटलं असं तो म्हणाला नाही. पण गमबुटांत मोजे कोंबून ते बॅगेत आडवे कसे बसतात, हे त्यानेच दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तो मला ओ'हेअर विमानतळावर सोडायला आला. काचघरातली माझी मैत्रीण आधीच येऊन थांबली होती. मियामी, लिमा, मग छोट्या विमानाने ॲमेझॉनकाठचं इकितोस आणि पुढे नदीतून होडीने. पोचलो त्या दुपारी, अजून काढ्याला दोन दिवस होते, तिथल्या एका माणसाने आम्हाला वेल दाखवली. माझ्या मनगटाहून जाड, दोरासारखी पीळ घातलेली, एका उंच झाडावर चढलेली. एक जुना तुकडा त्याने कापून दाखवला. आडव्या छेदात पाकळ्यांसारखे भाग होते. मी सालीवरून हात फिरवला. ती खरखरीत होती, आणि किंचित ओली.

काढा मी तीनदा प्यायले. पहिल्यांदा नुसती ओकले. पुढच्या दोन वेळांबद्दल मी परत आल्यावर कुणाला काही सांगितलं नाही. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. ज्या बायकांनी मला बाजूला घेतलं होतं त्यांनी पुन्हा बाजूला घेतलं, या वेळी डोळे मोठे करून. काय दिसलं गं? साप दिसले का? देव दिसला का? मी त्यांना वेलीची साल कशी असते ते सांगायचे, छेद कसा दिसतो ते कागदावर काढून दाखवायचे. त्यांची निराशा व्हायची.

दुसऱ्या वर्षी नवीन शिक्षिका नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला गेल्या आणि अध्यक्षांनी मला वर्ग परत घ्याल का विचारलं. मागचं सगळं विसरून जाऊ, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मी काहीच विसरणार नाही, आणि पुढच्या वर्षी मी पुन्हा पेरूला जाणार आहे. त्यांनी विचार करून कळवतो म्हणून सांगितलं. फोन काही आला नाही.

पुढच्या वर्षी मी गेले. त्या वेळी पथ्याचे दोन आठवडे नवऱ्याने फोडणी गराजमध्ये, छोट्या शेगडीवर दिली. मागचं दार लावून घेतो, म्हणजे वास आत येणार नाही, असं तो म्हणाला. वास यायचा तो यायचाच.