बडीशेपेची डबी

सिरसाळ्याहून अंबाजोगाईला निघालेल्या एसटीत ती बाई माझ्या शेजारी बसली होती. खिडकीशी तिची नऊ-दहा वर्षांची पोरगी. पोरीनं काही विचारलं, की बाई चटकन डबी उघडून तोंडात बडीशेप टाकायची आणि गप्प चावत बसायची.

"आई, उसाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. वळताना मागची उलटत कावून न्हाई?"

बडीशेप.

माझा स्वभाव मुळातच चोंबडा. "अहो, सांगा की तिला!"

बाई हसली. "शिकवायची सवय मोडायलेय, भाऊ. तोंड रिकामं राहिलं की माझा धडा सुरू होतो. शाळेतून काढून हिला घरीच शिकवत होते. पण घरातबी ताट वाजवून घंटा, तास, हजेरी. एकुलती एक पोरगी, तरी हजेरी! एकदा तासाला बसल्या बसल्या हिला ताप भरला, तर मला म्हणती, 'मॅडम, आईकडं जाऊ का?'"

तिनं डबीचं झाकण दाबून बसवलं. "लई रडले. दुसऱ्या दिवशी ते ताट परत जेवायला घेतलं. आता तास न्हाई, हजेरी न्हाई. तिला वाटंल ते, वाटंल तवा शिकती."

तेवढ्यात वळणावर उसाचा ट्रॅक्टर दिसला. पोरीनं गजाला नाक लावलं. "आई, मागची ट्रॉली आतल्या अंगानं वळती!"

मी खूश झालो. "शाब्बास! आता सांग बघू, बारा सत्ते किती?"

बाईनं डबी माझ्यापुढं धरली.

अंबाजोगाई येईस्तोवर ती आम्ही दोघांनी मिळून संपवली.