कोळशाची रेघ

ओटिलियाकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं, तेव्हा ती पाण्याच्या घमेल्यापाशी बसून रडत होती. शाळा सुटल्यावर मी झिम्बाब्वेतल्या आमच्या गुरुवे गावच्या रस्त्यानं घरी चाललो होतो. तिच्या मांडीवर दगडात कोरलेलं म्हाताऱ्याचं डोकं, हातात ओला काचपेपर, आणि शेजारी तिचा नवरा झेफानिया कपाळाला हात लावून उभा.

“बघा मास्तर! आजोबांचे केस राखले होते, हिनं पार टक्कल केलं!”

आमच्याकडे दगड बहुधा पुरुष कोरतात आणि घासून गुळगुळीत करतात बायका. पण सगळा दगड घासायचा नसतो. काही भाग डोंगरातून आला तसा खडबडीत राहू द्यायचा; तिथं पूर्वजांचे केस असतात, कधी पक्ष्याचे पंख. त्या दिवसापासून झेफानिया कोळशानं रेघ ओढून द्यायचा आणि ओटिलिया रेघेपर्यंतच घासायची. अशी एकतीस वर्षं.

“चिहेरा, यापुढं माझी हद्द,” तो दर वेळी बजावायचा. चिहेरा म्हणजे तिच्या माहेरच्या कुळातली बाई. त्या कुळातल्या बायका हट्टी म्हणून प्रसिद्ध.

“हद्द तुझी, आणि दुखतात हात माझे!”

छातीच्या दुखण्यानं तो गेला. मागं एकच दगड राहिला: बाईचा चेहरा, कोरलेला, पण न घासलेला. रेघ नव्हती.

वर्षानं त्याचा आत्मा घरी आणायचा विधी झाला, बिअर संपली, पाहुणे पांगले. मी ओटिलियाच्या अंगणात शेंगा सोलत बसलो होतो, तेवढ्यात तिचा धाकटा दीर तापेरा आला.

“वहिनी, तो दगड घासून ठेवा. मी तापवून मेण लावतो. शुक्रवारी हरारेहून गिऱ्हाइकाची गाडी येतेय.”

“रेघ कुठाय?”

“ओढतो की मी!”

“तू? तुला साधा भांग सरळ पाडता येत नाही.”

तो हसला, मग खाली बसला. “वहिनी, छपरातून आभाळ दिसतंय तुमच्या.”

“दिसू दे. एकदा मेण लागलं की संपलं. त्याचं काम झालं होतं, की तो मधूनच उठला होता? मला नाही माहीत. तुला माहितेय?”

शुक्रवारी गाडी आली आणि रिकामी गेली. त्यानंतर तापेरा फारसा फिरकत नाही. ओटिलियाचा मुलगा जोहान्सबर्गला असतो.

मेण न लावलेला दगड कोरडा असला की राखाडी, मुका दिसतो. पाणी पडलं की तो काळाभोर होतो आणि छिन्नीची खूण न् खूण वर येते. ओटिलिया रोज सकाळी तोंड धुऊन उरलेलं पाणी त्याच्यावर ओतते आणि वाळेपर्यंत समोर बसून राहते. मी गेलो तर मलाही बोलू देत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात चहा निवायच्या आत चेहरा नाहीसा होतो.

गेल्या महिन्यात तिनं पहार लावून, एकटीनंच, तो दगड आंब्याखाली नेला. सावलीत तो जरा उशिरा वाळतो.