ठशातला नवरा
त्या छापखानेवाल्याला काही सांगायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता, आणि आमच्या महिला मंडळाची पत्रकं छापायला चामोर्शीत तोच एक होता. काहीही सांगा, शाईचे हात बनियनला पुसत म्हणणार, "होऊन जाते, बाई." आणि करणार स्वतःच्या मनाचं.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी मी सांगितलं, पोस्टरवर मत द्यायला निघालेली बाई हवी, एकटी. त्यानं लाकडी ठसा कोरला, सुरेखच कोरला. पण बाईच्या मागं, तिच्या डोक्यावर छत्री धरून, नवराही कोरला!

"हा कशाला इथं?"

"एकटी कशी जाईन जी ते? शिक्का कुठी मारायचा, कोन सांगन तिले?"

वेळ नव्हता. दातओठ खात मी तीच पोस्टरं गावोगावी चिकटवली.

मतदानानंतर तो माझ्यावरच उखडला. "तुमच्या मंडळानं बिघडवलं माह्या बायकोले! कोनाले मत देल्लं, सांगूनच नाई राह्यली!"

पुढच्या निवडणुकीला पोस्टरं आणायला गेले, तर ठशातला नवरा त्यानं पटाशीनं तासून टाकलेला. न सांगता. बाई एकटीच चालली होती, आणि छत्री तिच्या डोक्यावर नुसती हवेत.

"अहो, ही कोणी धरलीय?" मी ओरडलेच.

"राहू द्या जी," बनियनला हात पुसत तो म्हणाला. "त्याचं काई काम नाई तिथी. पन ऊन तं लागते ना तिले."