वाघोबापुढचे बूट

गोडदेवमधल्या एका कारखान्यात दुर्गा स्टीलच्या डब्यांना पॉलिश करते. राहायला काशीगावात. घरामागे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. लग्न होऊन आली, तेव्हा सासू तिला सरपणासाठी डोंगरात न्यायची. चढावर शेंदूर फासलेला एक दगड आहे, तो वाघोबा. सासूने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "याच्या म्होरून जाताना पायात काय ठेवायचं न्हाय. त्याचं घर हाय ते." पुढे सासू गेली, घरात गॅस आला. दुर्गाचा डोंगर मात्र सुटला नाही. फक्त आता ती पळायला जायची.

क्षितिजा तिला तिथेच भेटली. दादरहून मीरा रोडच्या टॉवरमध्ये आलेली, बँकेत नोकरी. पहिल्याच चढाला धापा टाकत बसली होती.

"मॅडम, डोंगराला टाचा काय मारताय? चवड्यावर चढा."

"मॅडम नको. क्षितिजा म्हणा."

"मग मला ताई म्हण."

तेव्हापासून दर रविवारी दोघी. उतारावर अंग कसं सोडायचं, कुठला खडक निसरडा, सगळं दुर्गाने शिकवलं. वाघोबापाशी ती बूट काढून क्षितिजाच्या हातात द्यायची. क्षितिजा ते छातीशी धरून उभी राहायची.

"ताई, तुझा वाघोबा आपलं टायमिंग बिघडवतो."

"बिबट्या मागे लागला की सुधारेल."

यंदा उद्यानातल्या लांब पल्ल्याच्या डोंगरी शर्यतीत दोघींनी नाव घातलं. दुर्गा आयुष्यात कशातच पहिली आली नव्हती. क्षितिजाच म्हणाली, "दोघी पहिल्या येऊ. हात धरून रेषा ओलांडायची." दुर्गाने हे कारखान्यात सगळ्यांना सांगून टाकलं.

शर्यतीत वाघोबाच्या चढापर्यंत बायकांमध्ये या दोघीच पुढे होत्या. दुर्गाची चाल सवयीने मंदावली.

"काढ ताई, मी आहे ना." क्षितिजाने हात पुढे केले.

दुर्गाने बूट दिले, हात जोडून डोळे मिटले. उघडले तेव्हा बूट शेजारच्या झऱ्याच्या चिखलात आडवे पडले होते. वरच्या वळणावर क्षितिजाची पिवळी टोपी दिसली. मग तीही दिसेना.

मागे एखादं जनावर आलं असेल, पोरगी घाबरली असेल, असंच तिला आधी वाटलं. तिने दोनदा हाक मारली.

मग बूट चढवून धावली. दुर्गा दुसरी आली. क्षितिजाचा नवरा अनिश पाण्याची बाटली घेऊन पुढे आला. "मानलं ताई! क्षितिजा म्हणालीच होती, तुम्ही वाघोबापाशी थांबणार म्हणजे थांबणारच. तिथूनच सुटायचं, हे महिन्यापूर्वीच ठरलं होतं आमचं."

"महिन्यापूर्वी?" दुर्गाने विचारलं.

म्हणजे त्यानंतरच्या प्रत्येक रविवारीही क्षितिजाने तिचे बूट छातीशी धरले होते.

क्षितिजा गळ्यातलं मेडल चाचपत म्हणाली, "ताई, स्पोर्टिंगली घे ना."

दुर्गाने पाणी घेतलं नाही.

पुढच्या रविवारी क्षितिजा नेहमीच्या वळणावर उभी होती. दुर्गा तिला टाळून दुसऱ्या वाटेने गेली नाही. "चल," म्हणाली. चढ आला. दुर्गा वाकली, बूट काढले. क्षितिजाने सवयीने हात पुढे केले.

दुर्गाने दोन्ही नाड्यांची गाठ मारली. बूट स्वतःच्या गळ्यात अडकवले. मग हात जोडले. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत.